पट्टीवरची चौथी ओळ

पट्टीमामांच्या दुकानात मूल दाखवल्याशिवाय मुलाचं औषध मिळत नसे. हातात डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नाही. "मगु कुठाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कन्नडमध्ये मगु म्हणजे मूल. मराठीत बोलतानाही या एका शब्दासाठी त्यांनी कधी मराठी शब्द वापरला नाही. मूल घरी झोपलंय असं सांगितलं तर म्हणायचे, "मग उठल्यावर आणा की. औषध काय पळून जातंय?" मूल आलं की ते त्याला काउंटरमागे घेत आणि पत्र्याचं पसरट तागडं असलेल्या एका जुन्या वजनकाट्यावर बसवत. आमच्या वसाहतीतली पोरं त्याला झोपाळा म्हणायची. ताप असला तरी पोरं त्यावर बसून हसायची, आणि मामा चष्मा कपाळावर चढवून काट्याकडे असे बघायचे, जणू सोनंच तोलताहेत.

मग पट्टी. जखमेला लावतात त्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा कापायचा, बाटलीवर चिकटवायचा आणि निळ्या पेनाने त्यावर चार ओळी लिहायच्या. पहिली ओळ मुलाचं नाव. दुसरी वजन. तिसरी किती द्यायचं ते. चौथ्या ओळीला पेन थांबायचं आणि मामा वर बघायचे. "देणारं कोण?"

नव्या माणसाला हे कळायचंच नाही. एकदा माझ्यासमोरच एक जण म्हणाला, "देईल हो कुणीही, जो घरात असेल तो." मामांनी पेनाला टोपण लावलं. "मग बाटली पण कुणीतरी नेईल. तुम्ही जावा." तो माणूस बँकेत मोठा साहेब होता. चिडला, इंग्रजीत बोलला, शेवटी बायकोचं नाव सांगून बाटली घेऊन गेला. मामा मला म्हणाले, "एवढी मोठी बँक चालवतो, एक नाव सांगायला तोंड दुखतं."

मामांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत आले आणि इथेच राहिले. घरात मराठी, पण ती आमच्यासारख्या नोकरीसाठी दोन हजार सालानंतर आलेल्यांची नव्हे. वाक्य मराठीत निघायचं आणि वळणावर कन्नड होऊन पोचायचं. आमचं ऐकून ते म्हणत, "तुमची मराठी इस्त्रीची. आमची घरात घालायची." मी नाशिकची, म्हणून मी कायमची 'नाशिकच्या बाई'. मामा आधी वीस वर्षं मुलांच्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टर वारल्यावर तो वजनकाटा घेऊन त्यांनी हुणसूर रस्त्याला, येलवालच्या अलीकडे, आमच्या वसाहतीच्या तोंडाशी हे दुकान टाकलं.

चौथी ओळ त्या दवाखान्यातूनच आलेली. एका घरात तापाचं औषध आई देत होती. आईने दिलं हे आजीला ठाऊक नाही, म्हणून आजीही देत होती. संध्याकाळी आलेला बाप, पोर तापलंय बघून, तिसऱ्यांदा. चार दिवस असं चाललं. मूल पिवळं पडून दवाखान्यात आलं. "वाचलं," मामा म्हणायचे, "पण त्याचं लिव्हर बरं व्हायला वर्ष गेलं. आणि सांगा, चुकलं कोण? कुणीच नाही. तिघांनी मायेनंच दिलं." मग पेन उचलायचे. "माया सगळ्यांनी करा. औषध एकानंच द्या. अष्टे." अष्टे, म्हणजे एवढंच. हे म्हटलं की बोलणं संपलं.

दुसरा त्यांचा आग्रह बाटली फिरवून वाचण्याचा. समोरचं मोठं नाव कंपनीचं, मागचं बारीक नाव औषधाचं. मी एकदा त्यांच्याकडून तापाचं औषध घेताना सहज म्हटलं, "घरी आमच्या नाशिकच्या डॉक्टरांचं पण आहे, ते जास्त लागू पडतं." त्यांनी मला घरी पाठवलं, ती बाटली आणायला लावली, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि मागच्या बाजू माझ्याकडे वळवल्या. एकच औषध. नावं वेगळी, रंग वेगळे. "नाशिकच्या बाई, तुमच्या डॉक्टरांना रोज फोन लागतो," ते म्हणाले, "बाटली फिरवायला काय ट्रंक कॉल लागतो?" दुकानातली माणसं हसली. मीही हसले. पण मनातून मला ते आवडलं नव्हतं.

कारण औषधं हा माझा प्रांत होता. आमच्या मराठी मंडळातल्या निम्म्या घरांत अजूनही गावाकडच्या डॉक्टरांचाच शब्द चालायचा. दिवाळीत गेलं की सगळे पिशवी भरून औषधं आणत. इथल्या डॉक्टरांना भाषा कळत नाही, आपलं दुखणं कळत नाही, असं काहीतरी होतं ते. ती सगळी औषधं हळूहळू माझ्याकडे जमली. माझ्याकडे एक लाल चेनची पिशवी होती. कुणाचं पोट दुखो, कुणाचं पोर शिंको, "नीलूताईंना विचार." मंडळात मला डॉक्टरीणबाई म्हणत. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. पण ते म्हणणं मला आवडायचं, हे आज लिहून टाकते.

मामांना ती पिशवी ठाऊक होती. "त्यातल्या एकीलाही पट्टी नाही," ते म्हणायचे. "सुम्ने देऊ नका हो." सुम्ने म्हणजे उगाच. औषध सुम्ने द्यायचं नाही, हे ते इतक्यांदा म्हणत की माझा ओंकार त्यांची नक्कल करायचा.

एका वर्षी मंडळाची सहल तलकाडला गेली. वाळूतली देवळं बघायची, कावेरीत पाय बुडवायचे, डबे खायचे. मंडळातल्या वर्षाची मुलगी सई तेव्हा दोन वर्षांची होती. वर्षा माझ्याहून दहा वर्षांनी लहान, इथे आली तेव्हापासून मला मोठी बहीण मानणारी. उन्हात वाळू तापली होती. सईला मांडीवर घेऊन मी झाडाखाली बसले आणि वर्षाला म्हटलं, "तू जा, देवळं बघून ये. ही माझ्याकडे राहू दे." ती गेली. सई बसमध्ये एकदा ओकली होतीच, आता परत ओकली. मी लाल पिशवी उघडली. ओंकारला गाडी लागते म्हणून नाशिकच्या डॉक्टरांनी दिलेले उलटी थांबवायचे थेंब त्यात होते. ओंकार तेव्हा आठ वर्षांचा. मी सईला एक ड्रॉपर भरून दिला. ती अर्धी झोपेत होती. थोड्या वेळाने पुन्हा ओकली. मला वाटलं, औषध पडून गेलं. अजून एक ड्रॉपर दिला.

बाटली फिरवून मी वाचलं नाही. वजनाचा विचार मनात आला नाही. आणि वर्षा परत आल्यावर तिला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाचा फोन आला, ती किंचाळत होती. मी धावत गेले. सईची मान मागे वळून ताठ झाली होती. डोळे वर गेलेले, जीभ बाहेर. आणि ती रडत होती, आईकडे हात करून रडत होती. मीच गाडी काढली. दवाखान्यात त्यांनी इंजेक्शन दिलं, थोड्या वेळात मान सैल पडली. मग डॉक्टरांनी विचारलं, "काल-परवा काही औषध दिलं होतं का?"

वर्षा म्हणाली, "नाही. काहीच नाही."

मी तिच्या शेजारी उभी होते. माझ्या खांद्यावर सहलीला नेलेलीच पर्स होती, त्यात तीच लाल पिशवी. त्या क्षणी मला औषधाचा संबंध नक्की कळला होता असं म्हणणार नाही. पण शंका आली होती. तोंड उघडायला जेवढी लागते तेवढी आली होती. मी उघडलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारलंही नाही, का विचारावं? आई सांगत होती, काही नाही. त्यांनी फिट म्हणून फिटचं औषध सुरू केलं. दोन वर्षं तरी द्यावं लागेल म्हणाले.

त्या औषधाची बाटली मामांच्याच दुकानातून आली. सईला काट्यावर बसवलं, दहा किलो भरली. पट्टी झाली. चौथ्या ओळीत वर्षाचं नाव. मग मामांनी काय झालं ते विचारलं. वर्षाने सांगितलं. "रडत होती?" मामा थांबले. "तुम्हाला ओळखत होती?" ती हो म्हणाली. तिच्यामागे मी उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

दोन दिवसांनी मी एकटीच गेले होते, तेव्हा पेन पुसत पुसत म्हणाले, "तलकाडला उलटी झाली होती म्हणे मगूला. कुणी काय दिलं होतं का?"

"नाही मामा."

"सुम्ने विचारलं," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. फक्त ओंकारच्या खोकल्याच्या बाटलीवर चौथ्या ओळीत 'नीलिमा' लिहिताना पेन फार हळू चालवलं, किंवा मला तसं वाटलं.

सई तशी बोलकी होती. दोन वर्षांची असून आमच्या घरी आली की फ्रीज उघडून "माउशी, काय आहे?" विचारायची. त्या औषधाने ती पेंगायला लागली. जेवता जेवता मान टाकायची. जागी असली की चिडचिड, डोकं आपटणं. नवे शब्द थांबले. वर्षाने घसरगुंडी बंद केली, झोका बंद केला, आंघोळीच्या वेळी दार लावायचं नाही, एकटं सोडायचं नाही. नोकरी सोडली. तिच्या सासूबाई फोनवर विचारायच्या, "तुमच्या माहेरी आहे का कुणाला असं?" हे सगळं वर्षा माझ्याकडे येऊन सांगायची. मी चहा करायचे.

पाच महिने गेले. मंडळाचं हळदीकुंकू होतं. लहान मुलांचं गाणं चालू होतं आणि सई वर्षाच्या मांडीवर गाढ झोपली होती. त्या दिवशी वर्षाने माझी ओटी भरली, वर एक साडी ठेवली. दहा बायकांसमोर म्हणाली, "त्या दिवशी नीलूताई नसती तर आम्ही वेळेत पोचलो नसतो. माझ्या सईची दुसरी आई आहे ती."

त्या साडीची घडी मी अजून मोडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना मी ती थेंबांची बाटली काउंटरवर ठेवली. मामांनी ती फिरवून मागची बाजू वाचली. चष्मा काढला, परत लावला.

"किती?"

"एक ड्रॉपर. मग अजून एक."

त्यांनी डोळे मिटून काहीतरी हिशेब केला. मग म्हणाले, "दवाखान्यात असताना बघितलेलं आहे मी हे. अस्संच. मान अशी, डोळे असे, आणि मगु शुद्धीत. लहान अंगाला ही मात्रा सोसत नाही. ती फिट नव्हती, बाई. आज डॉक्टरांना सांगा."

मी रडायला लागले. वर्षाला काय सांगू, ती माझं तोंड बघणार नाही, मंडळात काय, असलं सगळं बोलत राहिले. मामांनी ऐकून घेतलं नाही. "रडणं नंतर. तुम्ही इथं रडताय, तिथं मगु नको ते औषध पितंय."

मी हो म्हटलं. बाटली त्यांनी ठेवून घेतली. मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी वर्षाच्या दारापर्यंत गेले. बेल वाजवली, तिने दार उघडलं, आणि मी म्हटलं, "कोथिंबीर आहे का गं?"

तिसऱ्या दिवशी दुपारी पट्टीमामांचं दुकान बंद होतं. असं कधी होत नसे. ते डॉक्टरांकडे गेले होते, तिथून वर्षाकडे. त्यांनी काय सांगितलं ते मला वर्षाकडूनच कळलं, संध्याकाळी, ती माझ्या स्वयंपाकघरात उभी असताना. सहलीला प्रथमोपचाराची पेटी दरवर्षी मामांच्या दुकानातून जायची. ते म्हणाले, "पेटीत उलटीचे थेंब मी ठेवले होते. पट्टी लावायची राहिली. पोरं सांभाळणाऱ्या बायका दहा, कुणीतरी दिले असणार, त्यांचा दोष नाही. दोष माझा."

"दुसऱ्यांना अक्कल शिकवतो!" वर्षा म्हणाली. "वजन काय, पट्टी काय! आणि माझ्या पोरीच्या वेळेस याची पट्टी राहिली! पाच महिने, नीलूताई! पाच महिने मी तिला..." मी तिला जवळ घेतलं. तेव्हाही मी बोलले नाही.

डॉक्टरांनी सईला नीट तपासलं आणि औषध हळूहळू कमी करत बंद केलं. काही महिन्यांत ती पुन्हा फ्रीज उघडायला लागली. आणि आमच्या मंडळाच्या ग्रुपवर मेसेज फिरला, त्या दुकानातून औषध घेऊ नका. कुणी घेतलं नाही. आमची घरं पुढच्या चौकातल्या चकचकीत दुकानात जायला लागली. तिथे मूल दाखवावं लागत नसे.

मी एकदाच गेले त्यांच्याकडे, बऱ्याच दिवसांनी. काट्याच्या तागड्यात वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवलेला होता. विचारलं, "मामा, का केलंत असं?"

"मगु बरं झालं, अल्वा? झालं ना?"

"पण तुमचं नाव..."

"तुमच्या तोंडाची वाट बघितली असती तर तिचं अजून वर्ष झोपेत गेलं असतं." हे ते रागाने म्हणाले नाहीत. पण मायेनेही नाही.

"मला माफ करा."

"मी कोण माफ करणार? मला कुठं थेंब दिले तुम्ही?" असं म्हणून ते आत गेले, आणि मी उभी आहे तोवर बाहेर आले नाहीत. त्यानंतर मी पलीकडच्या गल्लीने जायला लागले. बारा वर्षं मी त्या गल्लीने गेले. ओंकार शिकून बाहेर पडला. लाल पिशवी मी केव्हाच टाकून दिली होती. मला कुणी डॉक्टरीणबाई म्हटलं की मी दुसरीकडे बघायचे, आणि लोकांना तो विनय वाटायचा.

या श्रावणात पट्टीमामा गेले. आमच्यातलं कुणी त्यांच्या घरी भेटायला गेलं नाही. महिन्याभराने त्यांच्या मुलीचा, लक्ष्मीचा फोन आला. दुकान आवरतेय म्हणाली. "अप्पांनी एक डबी ठेवलीय. वर लिहिलंय, नाशिकच्या बाईंना. तुम्हीच ना?"

डबीत ती बाटली होती. आतले थेंब वाळून तळाशी तपकिरी डाग झाला होता. बाटलीला पट्टी लावलेली. कडेने पिवळी पडलेली, पण निळं अक्षर स्वच्छ होतं. पहिली ओळ, सई. दुसरी, १० किलो. तिसरी, दोन ड्रॉपर, तलकाड. चौथी ओळ, देणारं.

पुढे काही नव्हतं. डॉक्टरांसमोर, वर्षासमोर, सगळ्या गावासमोर ते स्वतःचं नाव सांगून आले होते. पट्टीवर मात्र त्यांनी ते लिहिलं नाही. जागा मोकळी ठेवली होती, एका नावापुरती.

जुन्या पट्टीवर पेन उमटत नाही. तीनदा गिरवावं लागलं.

वर्षाकडे गेले तेव्हा दार सईने उघडलं. आता चौदा वर्षांची आहे, आईपेक्षा उंच. "आई देवपूजा करतेय, बस ना नीलूमावशी." माझ्या हातातली बाटली तिने सहज घेतली, फिरवली. शाळा सगळी इंग्रजी-कन्नडमध्ये, मराठी ती अक्षर अक्षर लावून वाचते. "सई... हे माझं नाव आहे? दहा किलो... दोन ड्रॉपर... तलकाड..." मग थांबली. "देणारं, नीलिमा. मावशी, हे तू?"

"हो," मी म्हटलं. "मी."

वर्षा आतून आली होती. हातात निरांजन तसंच होतं. मी तिला सगळं सांगितलं, झाडाखालच्या मांडीपासून कोथिंबिरीपर्यंत. मला वाटलं होतं ती ओरडेल, मी त्याची तयारी करून गेले होते. ती सईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तो म्हातारा माणूस माझ्या दारात उन्हात उभा होता. मी त्याला आत ये म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही."

मग निरांजन खाली ठेवून म्हणाली, "ग्रुपवर तो मेसेज मी टाकला होता. आता तू लिही. मंडळाच्या अंकात लिही, सगळे वाचतील असं. आणि नाव घाल."

बाटली तिने ठेवून घेतली. मी निघताना पुन्हा ये म्हणाली नाही, नंतर फोनही आलेला नाही. येईल की नाही माहीत नाही. पण तिने सांगितलं तसं लिहिलं आहे.

पट्टीमामांनी सहलीच्या पेटीत उलटीचे थेंब कधीही ठेवले नव्हते. त्यांच्या हातून एकही बाटली पट्टीशिवाय गेली नाही. सईला थेंब मी दिले.

नीलिमा